पोलादी संगीताचा इतिहास आणि गिरणगावचे कान

भायखळ्याच्या आमच्या अभ्यासवर्गात अलीकडे एक वाद झाला. वादाचे निमित्त क्षुल्लक वाटेल, परंतु त्यातून निघालेला प्रश्न क्षुल्लक नाही. दिवसभर गोदामात राबणाऱ्या एका तरुण साथीने सुचवले की, वर्गात एकदा 'मेटल इव्होल्यूशन' या दूरचित्रवाणी मालिकेचे काही भाग दाखवावेत. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा इतिहास सांगणारी ही अकरा भागांची मालिका सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन या कॅनडातील दिग्दर्शकांनी २०११ साली केली. सूचना ऐकताच एक ज्येष्ठ साथी संतापले. "भांडवलदारांच्या पोरांचा गोंगाट आहे तो. बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि केस झिंजाडायचे, यात इतिहास कसला?" त्यावर तो तरुण शांतपणे म्हणाला, "अण्णा, साचेखात्यातून बाहेर पडताना तुम्हांला ऐकू येत होते का?"

अण्णा गप्प झाले. भायखळ्याच्या एका गिरणीत त्यांनी सतरा वर्षे साचे चालवले आहेत आणि त्यांच्या डाव्या कानाला आज जवळजवळ काही ऐकू येत नाही.

या प्रश्नाचा विचार आपण गांभीर्याने करावयास हवा. एका बाजूला परदेशी संगीत म्हटले की 'सांस्कृतिक साम्राज्यवाद' असा शिक्का मारून मोकळे होणारे आपले काही मित्र आहेत. दुसऱ्या बाजूला श्रमिकांच्या पोटी जन्मलेल्या संगीताचा इतिहास सांगताना श्रमच गाळून टाकणारे दूरचित्रवाणीचे इतिहासकार आहेत. दोघेही चुकतात, आणि गंमत अशी की दोघांची चूक एकच आहे. कारखाना दोघांनाही दिसत नाही.

प्रथम आपल्या मित्रांविषयी. हे संगीत भांडवलदारांच्या दिवाणखान्यात जन्मलेले नाही. ते जन्मले इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगारवस्तीत. 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यातील कामगार. वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चढवले, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला. आज जगभर 'जड' म्हणून ओळखला जाणारा तो नाद असा घडत गेला. त्याचा सहकारी ऑझी ऑस्बर्न कत्तलखान्यात काम करीत होता. मोटारींच्या भोंग्यांच्या कारखान्यातही तो राबला होता. 'जुडास प्रीस्ट'चा गायक रॉब हॅलफर्ड वॉल्सॉलचा. आसपासच्या कारखान्यांतील घणांच्या आवाजात आपले बालपण गेले, हे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. त्याचा साथीदार ग्लेन टिप्टन सरकारी पोलाद कंपनीत नोकरीला होता. त्या कंपनीच्या कामगारांनी जानेवारी ते एप्रिल १९८० असा तेरा आठवड्यांचा संप केला, आणि त्याच एप्रिलमध्ये या वाद्यवृंदाची 'ब्रिटिश स्टील' ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली. जुलै २०२५ मध्ये ऑस्बर्नचे निधन झाले, तेव्हा त्याला निरोप देण्यासाठी बर्मिंगहॅमचे रस्ते फुलून गेले होते. आपल्यातलाच एक गेला, या भावनेने माणसे तेथे उभी होती.

तेव्हा अण्णांसारख्या साथींना आमचे नम्र सांगणे असे की, यंत्राने ज्याची बोटे घेतली त्याने यंत्राच्याच आवाजात उत्तर दिले, तर त्याला गोंगाट म्हणून हिणवण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

परंतु आता मालिकेकडे वळू. डन हे शिक्षणाने मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांची चिकाटी आणि संगीतावरील प्रेम यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या पद्धतीचा आहे. त्यांनी या संगीताचा एक वंशवृक्ष काढला. या वाद्यवृंदापासून तो वाद्यवृंद, या उपप्रकारातून तो उपप्रकार, अशा फांद्या फुटत जातात आणि प्रत्येक फांदीला एक भाग मिळतो. कारखान्यांचा उल्लेख येत नाही असे नाही. पण तो नाटकाच्या मागच्या पडद्यासारखा येतो. धुरांडी दिसतात, बोटाची कथा चमत्कारासारखी सांगितली जाते आणि कॅमेरा रंगमंचाकडे वळतो. बोट का तुटले, त्या यंत्राला आडोसा का नव्हता, आणि ज्यांची बोटे तुटली पण जे प्रसिद्ध झाले नाहीत त्यांचे काय झाले, हे प्रश्न या वंशवृक्षाच्या कोणत्याच फांदीवर बसत नाहीत. आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने एकेका बोटाची टक्केवारी ठरवून दिली. त्या तक्त्यात बोटाचे मोल मिळवण्याच्या शक्तीतील घट म्हणून होते. त्या बोटाने माणूस ढोलकी वाजवीत होता की पेटी, याची नोंद तेथे नसते. नफ्याचा हिशेब आणि वंशवृक्षाचा इतिहास, दोहोंनाही माणूस तुकड्यातुकड्यांनीच दिसतो.

त्यापेक्षा मोठा दोष दुसरा आहे. ब्रिटिश हेवी मेटलच्या १९७९ नंतरच्या नव्या लाटेला मालिकेने एक संपूर्ण भाग दिला. ही लाट उसळली तो काळ कोणता? थॅचरबाईंच्या राजवटीत ब्रिटनमधील कारखान्यांना टाळी लागत होती. तेथील बेकारांचा आकडा तीस लाखांच्या पुढे गेला तो जानेवारी १९८२ मध्ये. वाचकहो, हा महिना आपल्याला परका नाही. त्याच महिन्याच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बर्मिंगहॅमची भट्टी आणि भायखळ्याचा साचा एकाच काळात थंड होत गेले, हा योगायोग नव्हे. भांडवल एका ठिकाणाहून उठून अधिक नफ्याच्या ठिकाणी जात होते. तेथे कारखान्यातून जमिनीकडे आणि शेअर बाजाराकडे गेले, येथे कापडातून जमिनीकडे. गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उघडला, २००१ च्या दुरुस्तीने तो रुंद केला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. संगीताचा इतिहास सांगणाऱ्याने हे सांगावे काय? आमचे उत्तर आहे : होय. ज्या पोरांना कारखान्यात जागा उरली नाही, तीच पोरे गिटार घेऊन उभी राहिली असतील, तर कारखाना का उरला नाही हे सांगितल्यावाचून त्या गिटारचा इतिहास पुरा होत नाही.

याच दिग्दर्शकद्वयाने २००८ साली 'ग्लोबल मेटल' हा चित्रपट केला होता आणि त्यासाठी ते मुंबईतही आले होते. येथील मेटलवेड्या तरुणांशी ते बोलले. हे तरुण बहुतांशी इंग्रजी शाळांतून शिकलेले, मध्यमवर्गीय. यात त्यांचा दोष नाही. 'डिमॉनिक रिझरेक्शन'सारखे मुंबईचे वाद्यवृंद त्यांनी स्वतःच्या कष्टाने, कोणाच्या आश्रयावाचून उभे केले. १९८६ पासून भरणारा 'इंडिपेन्डन्स रॉक' महोत्सव अनेक वर्षे धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली होत असे. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे २००३ च्या सुमारास रंगभवन अशा कार्यक्रमांना बंद झाले. मग हे संगीत कोठे गेले? डिसेंबर २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' हा क्लब उघडला आणि २०१६ पर्यंत चालला. त्या आवारात आजही वाद्यवृंद वाजतात. नाक्यानाक्यावर पाहारेकरी, दारात तिकीट, आत मद्याचे दर.

या दृश्यातील क्रूर विनोद लक्षात घ्या. कारखान्याच्या आवाजातून जन्मलेले संगीत मेलेल्या कारखान्यात वाजते, आणि त्या कारखान्याच्या भोंग्यावर ज्याचे घर जागे होत असे त्याचा नातू दारावर गणवेश घालून उभा असतो. आत जाण्याइतके पैसे त्याच्या खिशात नसतात. ज्यांना आत परवडते त्यांच्याशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे ते या दाराशी.

आता स्वतःला एक प्रश्न विचारू. गिरणगावाचा स्वतःचा नाद कोणता होता? १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक आपल्याला आठवते, आठवलेच पाहिजे. पण चाळीचाळींतील भजनी मंडळे, कोकणातून आलेले नमन आणि जाखडी, आणि गणपतीत रस्ता दणाणून सोडणाऱ्या बेंजो पार्ट्या? मुंबईचा हा बेंजो मूळचा १९१२ साली जपानमधील नागोया येथे निघालेल्या एका कळांच्या तंतुवाद्याच्या कुळातला. आपल्या पोरांनी त्याला वीज जोडली, स्वस्त भोंगे लावले, आवाज फाटेपर्यंत चढवला. तिकडे फाटलेल्या आवाजाला कला म्हणतात, त्याचे अकरा भाग होतात. येथे त्याला 'ध्वनिप्रदूषण' म्हणतात. आवाजाच्या मर्यादेला आमचा विरोध नाही, आजाऱ्याला झोप हवी. विरोध आहे तो कोणाच्या आवाजाला इतिहास म्हणावे आणि कोणाच्या आवाजाला उपद्रव, हे वर्गावरून ठरण्याला.

'मेटल इव्होल्यूशन' ज्या वर्षी आली त्याच २०११ साली आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला. चौदा वर्षे खपून त्यांनी दलित-श्रमिक शाहिरीचा इतिहास चित्रित केला. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारानंतर मृत्यूला कवटाळणारे शाहीर विलास घोगरे यांच्यापासून तो सुरू होतो. जानेवारी २०१२ मध्ये हा चित्रपट भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत वस्तीसमोर दाखवला गेला. ज्यांचा इतिहास, त्यांच्याच अंगणात. याच पटवर्धनांना आपले माहितीपट दूरदर्शनवर यावेत म्हणून वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागली. अमेरिकेत १९८५ साली रॉक गायकांना सिनेटच्या समितीसमोर साक्ष द्यावी लागली, तर तो प्रसंग संगीतेतिहासात अजरामर झाला. आपल्याकडे कबीर कला मंचाच्या कलावंतांना गाण्यापायी तुरुंग पाहावा लागला, त्याचे किती भाग निघाले?

परंतु सगळा दोष वाहिन्यांच्या माथी मारून आपण सुटणार नाही. आपल्या चळवळीने संपाचे ठराव जपले, मागण्यांची पत्रके जपली. संपाच्या रात्री चाळीच्या जिन्यावर बसून कामगार काय गात होते, ते आपण लिहून ठेवले का? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभर जणांच्या तोंडून गिरणगावाची कथा मिळवून ग्रंथबद्ध केली. त्या मार्गाने नादाचा इतिहास लिहिण्याचे काम मात्र पक्षशाखांनी आजवर हाती घेतलेले नाही. १९८२ साली जो विशीत होता, तो आज साठी ओलांडून गेला आहे. वेळ फार उरलेला नाही.

म्हणून आमची सूचना अशी. मालिका अवश्य दाखवावी, टीकेसह दाखवावी. आणि त्याच संध्याकाळी, भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रक चालू ठेवून, एका साचेवाल्याला, एका बेंजोवाल्याला, भजनी मंडळातील एका बाईंना समोर बसवावे. भायखळ्याच्या शाखेने आपल्यापुरती सुरुवात केली आहे. पहिली मुलाखत अण्णांची झाली. तरुण साथीने उजव्या कानाशी बसून प्रश्न विचारले. साच्याचा ठेका कसा होता, असे विचारताच अण्णांनी टेबलावर दोन्ही हातांनी तो वाजवून दाखवला. चाळीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते.