वरची जमीन तुमची, खालची पोकळीही तुमचीच

शुक्रवारी लंचला टेबलावर कोळशाचा विषय निघाला. एका मित्राचं म्हणणं, "ओपनकास्ट बंद करा, सगळं अंडरग्राउंड करा. जंगल शाबूत, शेती शाबूत. खाली काय चाललंय याचा वर कोणाला पत्ताही लागत नाही." तोंडात घास होता म्हणून मी गप्प बसलो. पण ते "पत्ताही लागत नाही" दोन दिवस डोक्यातून जाईना. अडचण नेमकी तीच तर आहे!

बरं, हे काही एकट्या मित्राचं मत नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयानं भूमिगत खाणींना सवलती दिल्या. महसुली वाट्याचा किमान दर ४ टक्क्यांवरून २ टक्के, आणि आगाऊ रक्कम माफ. देशातल्या कोळशात भूमिगत खाणींचा वाटा ५ टक्क्यांच्याही आत आहे, तो वाढवायचाय. वाढवा की. पण वरच्या जमिनीला धक्का लागत नाही, हे जे गृहीत धरलंय ते आधी तपासा.

आपल्याकडची जुनी पद्धत बोर्ड अँड पिलर. कोळशात बोगदे काढायचे आणि छत तोलायला मध्ये कोळशाचेच खांब ठेवायचे. मग शेवटी मागे सरकत सरकत ते खांबही काढायचे. छत कोसळतं. त्या कोसळलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. हे कोसळणं थरामागून थर वर चढतं आणि जमिनीवर बशीसारखा खळगा पडतो, कडेला भेगा. थर उथळ असेल तर एक दिवस सरळ भोकच पडतं. यावर उपायही जुनाच आहे, पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून काढायची. पण त्याला खर्च येतो, आणि वाळू नदीतूनच उपसावी लागते. म्हणजे एक खड्डा बुजवायला दुसरा.

थिअरी वाटतेय? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस आहे. २६ ऑगस्ट २०२२ ला तिथल्या अमराई वॉर्डात एक राहतं घर अख्खंच्या अख्खं जमिनीत गेलं. माणसं वेळेत बाहेर पळाली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना हलवावं लागलं. खाली काय होतं? जुनी, बंद पडलेली भूमिगत खाण. कागदावर विषय केव्हाच क्लोज झालेला होता. आपल्याकडे एखादा बग "क्लोज्ड" करून टाकला आणि तो दहा वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये फुटला, तर निदान कोणाला तरी रात्री उठवतात. इथे कोणाला उठवायचं?

आता पाणी. खाण चालवायची तर आत झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसावं लागतं. विदर्भातल्या कोळशाच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठीचा वालुकाश्म आहे, पाणी धरून ठेवणारा चांगला खडक. खालून उपसा आणि वरून भेगा, मग विहिरींनी करायचं काय? माझ्या मामाचं शेत अशाच एका खाणीला लागून आहे. विहीर मार्चमध्येच तळ दाखवायला लागली, तेव्हा त्यानं अर्ज केला. "पाऊस कमी झाला" असं उत्तर आलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "पाणी कुठं गेलं, ते तुह्या कम्प्युटरले विचार!"

खाण बंद झाली की पंपही बंद होतात. मग पोकळीत पाणी चढतं, पण ते पहिल्यासारखं राहत नाही. कोळशातल्या पायराइटला हवा-पाणी लागलं की लोह आणि सल्फेट सुटतं. काही ठिकाणी पाणी आम्लधर्मी होतं, काही ठिकाणी नुसतं जड आणि खारट. शिवाय उरलेले खांब पाण्यात भिजत राहतात ते वेगळंच.

आणि पैसे किती ठेवतात बघा. २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खाण बंद करण्यासाठी दर हेक्टरी ओपनकास्टला ६ लाख, भूमिगतला १ लाख. २०२० मध्ये दर वाढले, ९ लाख आणि दीड लाख. प्रमाण तेच, सहास एक! जे दिसत नाही ते स्वस्त. उलट झरिया-राणीगंजची आग आणि खचणं निस्तरायला २००९ मध्ये जो आराखडा मंजूर झाला, तो ७ हजार कोटींच्या वरचा होता.

सगळ्यात भारी गंमत कायद्यात आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्यानुसार सरकार जमीन न घेता फक्त खाणकामाचे हक्क घेऊ शकतं. म्हणजे कोळसा त्यांचा, जमीन शेतकऱ्याच्या नावावर. ऐकायला छान. पण जमीन त्याची म्हणजे भेग त्याची, कोरडी विहीरही त्याचीच. आणि भेग खाणीमुळेच पडली हे सिद्धही त्यानंच करायचं.

तुम्ही म्हणाल, मग वीज नको का? हवी. माझा लॅपटॉपही त्याच कोळशावर चालतो, आणि ओपनकास्टचे डोंगर मी लहानपणापासून बघतोय, त्यांचं कौतुक मला सांगू नका. मागणी साधी आहे. खाण सोडताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावाच लागतो. तो नकाशा सर्व्हे नंबरवर चढवा आणि सगळ्यांना बघू द्या. सातबाऱ्यावर विहीर दिसते, झाड दिसतं, मग खालची पोकळी का नको? खाण सुरू होण्याआधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजून जाहीर करा, आणि बंद झाल्यावरही मोजत राहा. विहीर आटली तर "खाणीमुळे नाही" हे खाणवाल्यानं सिद्ध करावं, मामानं नाही.

यातलं काहीही रॉकेट सायन्स नाही. आपल्यातले चार जण दोन वीकेंडमध्ये तो नकाशा बनवून देतील. डेटा तेवढा द्या, म्हणजे पुढचं घर कुठं खचू शकतं ते आत राहणाऱ्यांना आधी कळेल.