परके वाद्य, घरची तालीम

व्हायोलिन हे वाद्य मूळचे युरोपातले. दक्षिणेत ते एकोणिसाव्या शतकातच गायनाच्या साथीला बसले. हिंदुस्थानी संगीतात मात्र त्यास स्वतंत्र बैठक मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ती मिळवून देणाऱ्यांत पंडित गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचे स्थान मोठे आहे.

वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे औंध दरबारचे गवई व बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. घरची ग्वाल्हेर तालीम बुवांच्या गळ्यात मुरली होती. तीच त्यांनी गजावर उतरवली. व्हायोलिनला पडदे नसतात. चुकलेले बोट सावरण्यास आधार नाही. पण त्यामुळेच स्वरास्वरांतून मींड घेता येते आणि वाद्य गाऊ लागते.

तेवढ्यावर बुवा थांबले नाहीत. रामकृष्णबुवा वझे, जयपूर घराण्याचे भुर्जीखाँ, आग्र्याचे विलायत हुसेनखाँ यांच्यापुढेही ते शिष्य म्हणून बसले. पुढे उल्हास कशाळकरांसारख्या शिष्यांना या संचयाचा लाभ झाला.

आमच्या बिदर-कलबुर्गीकडील पालक मुख्याध्यापकाला विचारतात : रस्त्यात कन्नड, बाजारात उर्दू, नोकरीसाठी इंग्रजी; मग मुलाचे मराठी टिकेल काय? अशा वेळी बुवांचे उदाहरण सांगावेसे वाटते. त्यांनी बाहेरचे पुष्कळ घेतले, कारण आधी घरची तालीम पक्की होती. मुलांना कन्नड उत्तम येऊ द्यावे. मात्र रोज संध्याकाळी मराठीचे एक पान घरात मोठ्याने वाचवून घ्यावे. ते काम शाळा एकटी करू शकत नाही.