गावची जमीन विकू नका!



गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला आमच्या वडीलधाऱ्यांनी संप केला. त्यांच्या हाती काही लागलं नाही, पण गिरण्यांखालच्या जमिनीचा भाव आभाळाला भिडला. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी राहिली ती फक्त रिकाम्या जागेची! जमीन कुणाच्या नावावर, हाच शेवटी प्रश्न ठरला. तिथे आमचं नाव नव्हतं.

गावच्या सातबाऱ्यावर मात्र आमचं नाव आहे, आणि तेच पुसायला दलाल दारात येऊन बसतो. म्हणतो, "वरकस जमीन, नुसतं गवत उगवतं, ठेवून काय करणार?" आम्ही विचारतो, अशी आहे तर तू कशाला घेतोस? तो घेतो एकराने आणि विकतो गुंठ्याने. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. मधला नफा कुणाच्या खिशात?

शिवाय सगळी जमीन विकली की आपण शेतकरी राहत नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. उद्या पोराला परत घ्यायची म्हटली तरी वाट बंद!

पण विकू नका म्हणजे पडीक ठेवा, असं नव्हे. कोकणातल्या भावांनी आंबा लावावा. १० मीटरवर एक कलम, एकरात ४० बसतात. एप्रिल-मे महिन्यात मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा खणा, वरची माती आणि शेणखत भरा, पाऊस लागला की कलम लावा. जोड मातीच्या वर राहू द्या, जोडाखालची फूट खुडा. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर काढून टाका, उन्हाळ्यात पाणी द्या, गुरांपासून कुंपण करा.

आणि घरातला हिशेब चोख ठेवा. पैसे धाडणारा भाऊ आणि बाग राखणारा भाऊ, दोघांचा वाटा आधीच कागदावर लिहा. बहिणीला विसरू नका, २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क बरोबरीचा आहे. घरात भांडण लागलं की दलालाचं फावतं.

तेव्हा शिमग्याला गावी गेलात की आधी सातबाऱ्याचा उतारा काढा, मे महिन्यात कुदळ हातात घ्या!