सशाचं घर कोरडं हवं

सशाला वास येतो, अशी तक्रार आमच्या पनवेलजवळच्या सुकापूरच्या सोसायट्यांमधून वरचेवर ऐकू येते. मुलांच्या हट्टापायी ससा घरात येतो, चार दिवस कौतुकाचे जातात, मग पिंजरा गॅलरीत सरकतो. महिन्याभरात "वास फार येतो हो" म्हणत त्याला कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू होते. माझं म्हणणं साधं आहे. वास ओल्या जागेला येतो, आणि ती जागा ओली राहते ती आपल्यामुळे. ससा स्वतः फार निगुतीचा प्राणी आहे.

आमच्या चिकू नावाच्या सशाकडे पाहत मी हे शिकले. जागेपणीचा कितीतरी वेळ तो स्वतःला साफ करण्यात घालवतो. पुढचे पंजे चाटून तोंडावरून फिरवायचे, एकेक कान खाली ओढून चाटायचा, मग पाठ, मग पोट. त्याच्या अंगाला नाक लावलं तर वाळल्या गवताचा वास येतो. अशा प्राण्याला लोक बादलीत उभं करून शाम्पूने आंघोळ घालतात, तेव्हा मला राहवत नाही, मी जाऊन सांगतेच. सशाची लव दाट असते, ती मुळापर्यंत वाळायला खूप वेळ लागतो आणि तोवर अंग गार पडतं. घाबरून त्याने जोरात लाथा झाडल्या तर त्याचा नाजूक कणा मोडू शकतो. भीतीच्या धक्क्याने ससे दगावतातही. बुडाशी घाण चिकटलीच तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसावा आणि लगेच कोरडा करावा.

त्याची ही स्वच्छता आली कुठून, हे समजलं की निम्मं काम हलकं होतं. आपल्या माळांवर, डोंगरउतारांवर दिसतो तो काळ्या मानेचा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, उघड्यावर गवतात दबून बसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, त्याला पकडून घरी आणता येत नाही. दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या, तपकिरी, ठिपकेदार सशांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीखाली बिळांच्या जाळ्यात एकत्र राहणारे. त्यांनी लेंड्या टाकायच्या जागा बिळाबाहेर ठरवून घेतलेल्या असतात. त्या जागांच्या वासावरून आपली हद्द कुठवर आहे हे बाहेरच्या सशांनाही कळतं. हजारो वर्षांची ही सवय त्याने आपल्या वन रूम किचनमध्येही सोडलेली नाही. मोकळा सोडलेला ससा दोन-चार दिवसांत घरातला एक कोपरा पक्का करतो.

कोपरा त्यानेच निवडू द्यावा. आपण ट्रे उचलून तिथे नेऊन ठेवायचा. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. ट्रे आपल्या सोयीच्या जागी ठेवतात आणि ससा तिथे जात नाही म्हणून त्याला ओरडतात. इकडेतिकडे पडलेल्या लेंड्या गोळा करून ट्रेमध्ये टाकाव्यात, लघवी टिपलेला कागदाचा तुकडाही तिथेच ठेवावा. वासावरून त्याला जागा कळते. वयात आलेला नर मात्र सवय असूनही भिंतींवर, पायांवर पिचकारी मारतो, माद्याही हद्द आखतात. हे शिकवून जात नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली की बहुतेकांचं थांबतं. मादीच्या बाबतीत तर ती करावीच, कारण उतारवयात सशाच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो.

ट्रे म्हणजे काही महागडी वस्तू नव्हे. प्लॅस्टिकचा पसरट टब चालतो, फक्त एका बाजूची कड बुटकी हवी. तळाला रद्दीच्या जाड घड्या, त्यावर दाबलेल्या कागदाच्या किंवा लाकडाच्या गोळ्या, त्या नसतील तर कागदाचे कपटे, आणि सगळ्यात वर कोरडं गवत. खायच्या गवताची जाळी याच ट्रेच्या डोक्यावर टांगायची. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. गवत एका टोकाला आणि ट्रे दुसऱ्या टोकाला ठेवला तर दोन्हींच्या मधली लादी तो भरणारच. वखारीतला भुसा स्वस्त पडतो म्हणून आणू नये. त्याची धूळ नाकात जाते, आणि पाइन-देवदारसारख्या लाकडांतली तेलं सशाच्या यकृतावर परिणाम करतात. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती त्याहून वाईट. ससा सगळं चावून बघतो, आणि ती पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं.

पिंजऱ्याला तारेचा तळ असला की लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं जातं, असं दुकानदार सांगतात. सोपं जातं ते आपल्याला. कुत्र्या-मांजरांसारखी सशाच्या तळपायांना गादी नसते, नुसती लव असते. तारेवर उभं राहून ती झिजते आणि टाचांना जखमा होतात. तळाला सपाट फळी आणि तिच्यावर जुनी सुती सतरंजी घालावी, ती भिजली की बदलावी.

आता फिनेलबद्दल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सुरुवातीला रोज विचारायच्या, "ताई, वास येतोय, फिनेल टाकू का जरा?" मावशींचं चुकत नव्हतं, वास आला की फिनेल हीच आपल्या घरांची रीत आहे. मी म्हणायची, "नको मावशी, आधी ट्रे रिकामा करू." लघवी ताजी असताना तिला फारसा दर्प नसतो. ती साचली की तिच्यातल्या युरियावर जिवाणू काम करतात आणि अमोनिया सुटतो. त्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं ते ट्रेजवळ, म्हणजे ससा नाक ठेवून बसतो त्याच उंचीवर. आपल्याला दारातून जाणवतो तो दर्प त्याला कितीतरी आधीपासून जाळत असतो. ससा श्वास घेतो तो नाकानेच. नाकाचं अस्तर सुजलं की आत दबून बसलेले जिवाणू उचल खातात, शिंका सुरू होतात, नाक गळतं, आणि ते पुसून पुसून पुढच्या पंजांची लव चिकट होते. अशा नाकाला वरून फिनेलचा उग्र वास द्यायचा म्हणजे दुखण्यात भर घालायची. ब्लीचिंग पावडर तर लघवीवर टाकूच नये, अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो.

ट्रेच्या तळाशी पांढरा, चुन्यासारखा थर बसतो तो कॅल्शियमचा. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या लघवीतून कॅल्शियम जेमतेम २ टक्के बाहेर पडतं, सशाच्या लघवीतून ४५ ते ६० टक्के. म्हणून ती गढूळ दिसते. घासणीने हा थर निघत नाही. पांढरं व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवलं की सुटतो, मग साध्या पाण्याने धुऊन ट्रे उन्हात वाळवावा. कधी लघवी नारिंगी, अगदी लालसर होते आणि घरात घबराट उडते. पुष्कळदा तो खाल्लेल्या पाल्यातल्या रंगद्रव्याचा रंग असतो. ससा कुंथत असेल, गुठळ्या दिसत असतील, तर मात्र डॉक्टर गाठावा.

आणि सगळं एकदम घासूनपुसून लख्ख करू नये. ससा हनुवटीखालच्या ग्रंथी घासून घरभर आपला वास लावत फिरतो. त्याच्या दृष्टीने तो वास म्हणजे घर. तो पुरता पुसून टाकला की बिथरून तो पुन्हा पहिल्यापासून हद्द आखतो, लेंड्यांनी आणि लघवीने. आठवड्याची मोठी सफाई करताना मी जुन्या गवताची एक कोरडी मूठ नव्या गवतात ठेवते. ट्रे धुवायचा त्या दिवशी सतरंजी बदलत नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सुकापूर तर माथेरानच्या डोंगराच्या वाटेवरच आहे. जूनपासून गाढी नदी फुगते, भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. अशा दिवसांत गॅलरीतल्या सशाची काय अवस्था होत असेल ते त्याच्या पिंजऱ्यापाशी पाच मिनिटं बसून बघावं. वाऱ्याने शिंतोडे येतात, गवत दमट होतं, त्यावर बुरशी धरते. तेच गवत तो खातो आणि त्याच्याच धुळीत श्वास घेतो. गवताला वाळल्याचा गोड वास येत नसेल, मुठीत दाबल्यावर ते कुरकुरत नसेल, तर ते टाकून द्यावं, कितीही महाग असलं तरी. मी गवत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवत नाही. सुती पिशवीत भरून पंख्याच्या वाऱ्याला टांगते.

ओलीचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कॉक्सिडिया नावाचे परजीवी सशांच्या आतड्यात, यकृतात घर करतात, आणि पिल्लं त्यांनी पटापट दगावतात. लेंडीतून बाहेर पडलेली त्यांची सूक्ष्म अंडी लगेच बाधत नाहीत. ऊब आणि दमटपणा मिळाला की एक ते तीन दिवसांत ती बाधण्याजोगी होतात. म्हणजे ट्रे रोज रिकामा केला तर हे चक्र तिथल्या तिथे तुटतं. ही अंडी नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यांना मारतं उकळतं पाणी आणि कडक कोरडेपणा. धुतलेला ट्रे ओलाच परत ठेवला तर धुण्याचा उपयोग काय? पावसाळ्यात ऊन नसतं, म्हणून आमच्याकडे दोन ट्रे आहेत. एक वापरात, एक वाळत.

तिसरा धोका माश्यांचा. घाणीने माखलेल्या बुडाच्या लवेत माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या निघून कातडी पोखरू लागतात. लठ्ठ, म्हाताऱ्या सशाचं तोंड मागे पोहोचत नाही, त्याला हे जास्त होतं. पावसाळ्याचे चार महिने सशाला रोज मांडीवर घेऊन त्याचं बूड तपासावं. याला दुसरा पर्याय नाही.

ट्रे साफ करण्याचं काम मी मावशींवर सोपवत नाही, ते मीच करते, कारण सशाची तब्येत त्या ट्रेमध्ये वाचता येते. गोल, कोरड्या, गवताच्या धाग्यांनी भरलेल्या लेंड्या असल्या की सगळं ठीक. लेंड्या केसांनी माळेसारख्या जोडलेल्या आल्या तर लव झडते आहे, विंचरायला हवं. मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या वेगळ्या. त्या सीकम नावाच्या आतड्यात तयार होतात, त्यांत ब आणि के जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, आणि ससा त्या थेट गुदद्वारातून खाऊन टाकतो. त्या जमिनीवर दिसायलाच नकोत. दिसू लागल्या तर बहुधा गाजर, बिस्किटं, दाणे जास्त होताहेत आणि गवत कमी पडतंय. जेवणाचा मोठा भाग गवतच हवं. गाजर त्याच्यासाठी मिठाई आहे.

आणि ट्रे रिकामा असेल तर? सकाळपासून एकही लेंडी नाही, ससा कोपऱ्यात आखडून बसलाय, खायला तोंड लावत नाही, तर उद्यावर ढकलू नये. सशाला उलटी करता येत नाही. त्याचं आतडं थांबलं की तासांचा हिशेब असतो. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आता पनवेलमध्ये पुष्कळ झालेत, पण सशांवर हात बसलेले डॉक्टर सगळीकडे नसतात. तसे कुठे आहेत याची चौकशी ससा आणण्याच्या आधीच करून ठेवावी. मुंबईत परळला १८८३ साली सुरू झालेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे, शेजारीच १८८६ चं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पनवेलहून लोकलने कुर्ल्याला गाडी बदलून तिथे पोहोचता येतं.

विकणाऱ्यांनाही आता मोकळीक नाही. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी दाखवा म्हणून विचारण्याचा संकोच करू नये. पिंजरा ओला आणि सशाचं नाक गळतंय असं दिसलं तर तिथून पाय काढावा. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, तेवढा काळ ट्रे रोज रिकामा करायचाय, हेही मुलांना आधी सांगावं.

राहिला प्रश्न रोज निघणाऱ्या कचऱ्याचा. भिजलेला कागद आणि गवत मी खतासाठी कुजायला टाकते, ते थेट कुंडीत घातलं तर मुळं जळू शकतात. कोरड्या लेंड्यांचं तसं नाही, त्या कुजवल्याशिवायही मातीत मिसळता येतात, आणि नत्र-स्फुरद भरपूर असल्याने झाडं तरारतात. आमच्या मोगऱ्याला मी दुसरं खत घालत नाही. मावशी हल्ली फिनेलचं नाव काढत नाहीत. शनिवारी जाताना पिशवी पुढे करून म्हणतात, "ताई, लेंड्या ठेवल्यात ना? वांग्यांना घालायच्यात."