बॅकअप नेमका कोण घेतंय?

पहाटे साडेपाचला संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर संगणक सुरू होतो. दारात कॅन घेऊन माणसं उभी असतात. फॅट लागते, वजन होते आणि पावती निघायला चाळीस-चाळीस सेकंद लागतात. केंद्रचालकांनी रॅम वाढवून घेतली, प्रिंटर बदलला, तरी फरक पडला नाही. सात वाजून गेले की मशीन आपोआप ताळ्यावर यायचे. दुरुस्तीवाला दुपारी यायचा, त्यामुळे त्याला तक्रार कधी दिसलीच नाही. शेवटी मी एकदा पहाटेच जाऊन बसलो.

मशीनवर बॅकअपची दोन सॉफ्टवेअर होती. जुने एका एक्स्टर्नल हार्डडिस्कबरोबर आलेले. ती हार्डडिस्क केव्हाच निकामी झाली होती, पण रात्री दोनचे वेळापत्रक तसेच राहिले होते. रात्री केंद्र बंद, मशीन बंद. टास्क शेड्युलरमध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ या अर्थाची एक खूण असते, ती केलेली होती. त्यामुळे पहाटे मशीन चालू झाले की रात्रीचे काम तेव्हाच सुरू व्हायचे. सॉफ्टवेअर सगळी डिस्क चाळायचे, बॅकअप ठेवायची जागा सापडली नाही म्हणून थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचे. नंतर दुसऱ्या कुणी बसवलेले नवे सॉफ्टवेअरही नेमके त्याच वेळी आपले चुकलेले काम उरकत असायचे. चार जीबी रॅम, जुनी फिरती डिस्क आणि समोर दुधाची रांग.

हे एका केंद्रापुरते नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, विकास सोसायट्या, कारखान्यांचे वजनकाटे, कृषी सेवा केंद्रे आणि दवाखाने यांची मशीन्स संगणक दुरुस्त करणाऱ्या आपल्यापैकीच कुणीतरी सांभाळतो. एका संस्थेत पाच वर्षांत तीन जण येऊन जातात. प्रत्येक जण आपल्या विश्वासाचे बॅकअप सॉफ्टवेअर टाकतो आणि आधीचे काढायला कुणाचा हात धजत नाही, कारण त्याच्या नावात ‘बॅकअप’ आहे.

ही भीती खोटी नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि देशभरातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडले. त्यांत बहुतांश सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. सहकारी संस्थेच्या सचिवाने अशी बातमी वाचली की बॅकअपशी जोडलेली एकही गोष्ट बंद करायला तो ‘हो’ म्हणणार नाही. त्याच्याकडे सभासदांची ठेव आहे, उसाच्या वजनाच्या नोंदी आहेत. त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

पण पार्श्वभूमीला चार सेवा चालू दिसतात म्हणजे चार बॅकअप होताहेत, हा समज मोडायला हवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचे फोल्डरच पुसले गेले. बॅकअपचे उपाय एकाहून अधिक होते. रोजचा बॅकअप मात्र आवृत्ती न जुळल्याने होतच नव्हता आणि अपयशाचे ईमेल मधल्या मधे नाकारले जात होते. शेवटी वाचवले ते चाचणीसाठी सहा तास आधी सहज घेतलेल्या प्रतीने. तेवढ्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला. जगभरातल्या प्रोग्रामरना सेवा देणाऱ्या कंपनीत हे घडते, तर पाथर्डीच्या पतसंस्थेतल्या ट्रेमधल्या हिरव्या खुणेवर आपण किती भरवसा ठेवायचा?

म्हणून जास्तीच्या प्रक्रिया बंद करणे हे मशीन हलके करण्याचे किरकोळ काम मानू नका. ते बॅकअपचेच काम आहे. कोणतीही सेवा थांबवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: आज या संस्थेचा बॅकअप नेमका कोण घेतंय, आणि तो कुठे ठेवला जातो? याचे उत्तर फाईलच्या तारखेवरून आणि एक तरी फाईल परत मिळवून द्यायचे. ते मिळाले की बाकीचे सारे उरलेसुरले ठरते.

आपल्यातली सर्वांत वाईट सवय म्हणजे एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून उरलेल्या सगळ्यांच्या खुणा एका क्लिकमध्ये काढणे. त्यात फिंगरप्रिंट यंत्राची आरडी सर्व्हिस जाते, मायएसक्यूएल जाते आणि दुसऱ्या दिवशी काउंटर बंद पडतो. उलट काही जण ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ ही विंडोजची स्वतःची सेवाच डिसेबल करतात. तिच्या नावात ‘कॉपी’ आहे, म्हणून ती मशीन खाते असे त्यांना वाटते. ती मुळात मॅन्युअलवर असते, गरज लागली की उठते आणि काम झाले की थांबते. ती डिसेबल केली की चांगला चाललेला बॅकअपही पडतो. मायक्रोसॉफ्टच्या शॅडो कॉपी प्रोव्हायडरचेही तेच. या दोघींना हात लावू नका. मात्र त्याच डिस्कवर पडून राहिलेली शॅडो कॉपी म्हणजे बॅकअप असेही समजू नका. २०१७ च्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने नेमक्या त्याच प्रती पुसल्या होत्या.

टास्क मॅनेजरमधून प्रक्रिया मारली तर ती परत उभी राहते, कारण सेवेच्या रिकव्हरी टॅबमध्ये ‘पुन्हा सुरू करा’ असे लिहिलेले असते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या सॉफ्टवेअरच्या आत जाऊन वेळापत्रक काढा, मग त्याचे स्वसंरक्षण बंद करा. ते चालू असेपर्यंत सेवा हलतच नाही आणि आपण उगाच परवानग्यांशी झगडत बसतो. त्यानंतर सेवा ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर न्या, थेट डिसेबलवर नको. टास्क शेड्युलर वेगळा उघडून पाहा, कारण अपडेट तपासणारी कामे तिथे लपलेली असतात. सगळे एका नजरेत पाहायचे तर मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातले ऑटोरन्स वापरा. त्यातली खूण काढता येते आणि परतही लावता येते, ओळ मात्र पुसू नका.

सर्वांत खोल थर ड्रायव्हरचा. डिस्कवर लक्ष ठेवण्यासाठी काही बॅकअप सॉफ्टवेअर आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतात आणि रजिस्ट्रीत ‘अपरफिल्टर्स’मध्ये त्याचे नाव लिहितात. ड्रायव्हरची फाईल हाताने उडवली आणि ते नाव तसेच राहिले, तर पुढच्या वेळी मशीन निळ्या पडद्यावर अडकू शकते. इथे धाडस करू नका. आधी नीट अनइन्स्टॉल करा. कंपनीचे सफाईचे साधन असेल तर तेच चालवा. त्याआधी पूर्ण डिस्कची प्रत घ्या. एवढे करायला संस्था वेळ देत नसेल तर ड्रायव्हर राहू द्या. तो मशीन थोडे जड करेल, पण सहसा बंद पाडणार नाही.

मॅन्युअलवर आणलेली सेवा लगेच काढू नये, असे माझे मत आहे. निदान एक महिनाअखेर पाहावी. पतसंस्थेत व्याज टाकण्याचा दिवस आणि दूध केंद्रात दहा दिवसांचे पेमेंट असते, तेव्हाच न कळलेले अवलंबन उघडे पडते. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू झाल्यावर वजनकाट्याच्या मशीनला हात लावू नये. हे काम बॉयलर पेटण्याआधी उरकावे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, तरी आपल्याकडची जुनी मशीन्स लगेच बदलली जाणार नाहीत. त्यांच्यावरचे ओझे आपल्यालाच उतरवावे लागेल.

संगमनेरच्या त्या केंद्रात शेवटी जुने सॉफ्टवेअर काढले, नव्याची वेळ दुपारी एकची केली आणि केंद्रचालकांसमोर मागच्या आठवड्याचा हिशेब बॅकअपमधून उघडून दाखवला. काय बंद केले, कोणत्या तारखेला आणि का, ते एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. खाली बरीच जागा मोकळी सोडली आहे. माझ्यानंतर तिथे जो येईल त्याने आपली ओळ तिथेच लिहावी.