स्पर्शाचा प्रवेश आम्ही वगळणार नाही

सेलमच्या चेटकीण-खटल्यांवरचे आमचे बाहुलीनाट्य वस्त्यांमध्ये सुरू आहे. तीन प्रयोग झाले. संहिता नवी आहे, बाहुल्या कागदाच्या लगद्याच्या आणि जुन्या लुगड्यांच्या, आम्हीच केलेल्या. चौथ्या प्रयोगासाठी एका महाविद्यालयाने सभागृह देऊ केले, पण अट घातली की स्पर्शाच्या परीक्षेचा प्रवेश काढा, उगाच जातीचा विषय निघतो. आमच्या नाटकात जात हा शब्द एकदाही येत नाही. गोष्ट अमेरिकेतली, सव्वातीनशे वर्षांहून जुनी. तरी त्यांना जात आठवलीच! आम्ही सभागृह नाकारले. मात्र चळवळीतल्या काही मित्रांचेही प्रश्न आहेत. परक्या देशाची गोष्ट कशाला, बाहुल्या तर लहान मुलांसाठी असतात, वगैरे. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

१६९२ साली मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत होती. सेलम गावचे पाद्री सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले. चेटूक झाले असे ठरले आणि अटक सुरू झाली. पहिली तीन नावे बघा. टिटुबा, पाद्र्याच्याच घरातली गुलाम स्त्री. सारा गुड, दारोदार मागून जगणारी. सारा ऑस्बोर्न, पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून वादात असलेली आणि घरच्या नोकराशी पुनर्विवाह केलेली. पुढे चांगल्या घरच्या बायकाही अडकल्या, पण सुरुवात कुठून झाली ते महत्त्वाचे. वर्षभरात १९ जणांना फाशी झाली, त्यांत १४ स्त्रिया. गाइल्स कोरी या म्हाताऱ्याने आरोपाला उत्तरच दिले नाही, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत त्याला मारले. किमान पाच जण तुरुंगात मेले. सारा गुडचे तान्हे बाळ तुरुंगातच गेले आणि तिच्या चार-पाच वर्षांच्या मुलीला बेड्या घातल्या गेल्या.

हे सगळे अडाणी जमावाने केले नाही. वॉरंट निघाले, जबान्या लिहिल्या गेल्या, ज्युरी बसली. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन हार्वर्डमध्ये शिकलेले होते. आम्ही सेलम निवडले ते यासाठी. नंदुरबारकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याचे नाटक शहरात केले, तर प्रेक्षक हळहळतो, 'आदिवासी अजून मागासलेले आहेत' असे म्हणतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो. सेलममध्ये त्याला ही सोय नाही. तिथे गुन्हा शिकलेल्यांनी, धर्मग्रंथ हातात घेऊन आणि कायद्याच्या भाषेत केला आहे. अंधश्रद्धा म्हणजे निरक्षरता हे समीकरण प्रस्थापितांना फार सोयीचे असते, कारण त्यात ते स्वतः कधीच सापडत नाहीत.

आता पुराव्याकडे येऊ. फिर्यादी मुली सांगत, अमकीची छाया येऊन आम्हाला चिमटे काढते. ती छाया फक्त त्यांनाच दिसे. आरोपी बाई त्या वेळी दहा लोकांदेखत आपल्या घरी बसलेली असली तरी उपयोग नसे, कारण छाया कुठेही जाऊ शकते! शेजारच्या अँडोव्हरमध्ये तर स्पर्शाची परीक्षा झाली. झटके येणाऱ्या मुलीला आरोपीचा हात लावायला लावत. झटके थांबले की आरोपी चेटकीण. तिच्यातले विष हाताने तिच्याकडेच परत गेले, असा तर्क.

आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विटाळही कुणाला दिसत नाही. ज्याला तो होतो तोच सांगतो, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश. ज्याच्यामुळे झाला म्हणतात त्याने कोणता पुरावा द्यायचा? पहिल्याच प्रयोगात बाहुलीचा हात पुढे गेला तेव्हा मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांमध्ये जी कुजबुज झाली, ती त्या महाविद्यालयाच्या कानावर गेली असावी.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. सेलमचा उन्माद वर्षभरात ओसरला. राज्यपालांच्या पत्नीपर्यंत बोटे गेली आणि ऑक्टोबरमध्ये ते न्यायालयच बरखास्त झाले. जातीला ओसरायला असे कारण मिळत नाही, तिचे बोट वरच्या दिशेने जातच नाही.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्यात सती आणि सक्तीचे वैधव्य यांचे मूळ त्यांनी 'जास्तीच्या स्त्री'च्या प्रश्नात दाखवले. नवऱ्यामागे उरलेल्या बाईचे जातीने काय करायचे, हा तो प्रश्न. कॅरोल कार्लसन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी न्यू इंग्लंडमधल्या आरोपी स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा भाऊ किंवा मुलगा नसलेल्या, म्हणून मालमत्ता हाती येऊ शकणाऱ्या बायका त्यांत ठळकपणे दिसल्या. समाजशास्त्राच्या वर्गात ही दोन पुस्तके शेजारी ठेवून शिकवायला हवीत. डाकीण ठरवण्याच्या प्रकरणांतही एकट्या बाईची जमीन पुन्हा पुन्हा निघते.

आर्थर मिलरचे सेलमवरचे १९५३ चे नाटक जगभर गाजले. त्यात अकरा वर्षांची भाची सतरा वर्षांची झाली आणि साठीचा जॉन प्रॉक्टर तिशीतला नायक झाला, दोघांचे प्रकरण जोडले गेले. टिटुबा कडेला. आमच्या नाटकात टिटुबा मध्यभागी आहे. तिने गुन्हा कबूल केला म्हणून ती फासावर गेली नाही. ज्यांनी कबूल केले ते वाचले, 'मी निर्दोष आहे' म्हणणाऱ्या लटकल्या. तिला खोटारडी म्हणणाऱ्यांनी गुलाम बाईपुढे दुसरा कोणता रस्ता होता ते दाखवावे.

बाहुल्यांचे कारण साधे आहे. वस्तीतल्या एखाद्या मुलीने चेटकिणीचे काम केले की ते नाव तिला चिकटते, नाटक संपल्यावरही. लग्न ठरवताना निघते. बाहुलीला असे काही चिकटत नाही. शिवाय कोरीच्या बाहुलीवर आम्ही खरे दगड ठेवतो, ते माणसावर ठेवता आले नसते. आणि बाहुल्या पोरांसाठी असतात असे ज्यांना वाटते त्यांनी पिंगुळीला जावे. तिथल्या ठाकर आदिवासींनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान् पिढ्या जपली. २०२१ च्या पद्मश्रीच्या यादीत तिथले परशुराम गंगावणे आहेत आणि त्याच यादीत झारखंडच्या छुटनी महातो आहेत, ज्यांना १९९५ मध्ये डाइन ठरवून छळले गेले आणि ज्या पुढे अशा बायकांसाठी उभ्या राहिल्या. जलशांच्या परंपरेतल्या आपल्याला करमणूक आणि प्रबोधन यांत भिंत घालायची सवय नाही.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर, २०१३ मध्ये तो आला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. प्रयोगानंतर आम्ही ही कलमे वाचून दाखवतो, कारण पोलीस ठाण्यात 'असा काही कायदा नाही' हे उत्तर मिळाले तर बाईला आकडा आणि वर्ष सांगता आले पाहिजे.

शेवटचा प्रवेश भरपाईचा आहे. १६९७ मध्ये वसाहतीने प्रायश्चित्ताचा उपवास पाळला, सॅम्युएल सेवॉल या न्यायाधीशाने चर्चमध्ये उभे राहून दोष पत्करला. स्टॉटनने कधीच पत्करला नाही. १७११ मध्ये कुटुंबांना पैसे मंजूर झाले. सारा गुडच्या नवऱ्याला ३० पौंड मिळाले, ज्याने तिच्याविरुद्ध बोलून घेतले होते त्यालाच. तिसऱ्या प्रयोगात एका आईंनी विचारले, "आणि त्या टिटुबाला किती दिले?" काही नाही. तुरुंगातल्या मुक्कामाचा खर्च कैद्यानेच भरायचा होता आणि तिच्या मालकाने तो भरायला नकार दिला. वर्षभराहून अधिक काळ ती आत राहिली. मग कुणीतरी पैसे भरून तिला विकत नेले, आणि कागदपत्रांत तिचे नाव तिथेच थांबते.