सायकलस्वाराचा हिशेब

थंडीच्या दिवसांत चार मित्रांनी शिरोळहून पहाटे सायकली काढाव्यात, जयसिंगपूर, हातकणंगले करीत कोल्हापूर शहर ओलांडावे आणि जोतिबाचा डोंगर चढावा, यासारखा निर्मळ आनंद नाही. कृष्णा-पंचगंगेच्या सपाट मुलखातून सुमारे ३,१०० फूट उंचीवरील वाडी रत्नागिरी गाठताना पुढच्याने मागच्यासाठी थांबायचे असते. त्यात स्पर्धा नसते, सोबत असते.

परंतु हिवाळा हाच आपल्याकडे उसाच्या गळिताचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता व्यापतात. मागे परावर्तक नसेल, तर पहाटेच्या धुक्यात बंद पडलेली ट्रॉली जीवघेणी ठरते. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वळता होतो. या धोक्याचा खर्च मात्र सायकलस्वाराच्या माथी बसतो आणि कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. अर्थशास्त्र यालाच बाह्य खर्च म्हणते.

हौसेने निघालेला मनुष्य एखादे दिवशी घरी राहू शकेल. कामावर जाणाऱ्या मजुराला आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला ती मुभा नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणविणाऱ्या पुण्याने २०१७ साली स्वतंत्र सायकल आराखडा स्वीकारला. आपल्या मागण्या त्याहून साध्या आहेत. परावर्तक नसलेली ट्रॉली कारखान्यांनी वजनकाट्यावर घेऊ नये आणि बांधकाम खात्याने रस्त्याच्या कडेची पट्टी पक्की करावी. सायकल सहलींना निघणाऱ्या सुशिक्षित मंडळींनी हा आग्रह धरला, तर तो सहजासहजी टाळता येणार नाही.